बंदरावरचा अनोळखी इसम

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यात पकडला, असं विचारलंत तर मी खात्रीने चुकेन. ही एक केस मात्र जशीच्या तशी राहिली आहे. ती लिहून काढावी असं वाटलं ते गेल्या हिवाळ्यात, दोह्याला मुलीच्या घरी जेवताना. ते का, हे शेवटी येईलच.

ऐंशीच्या दशकातलं ते वर्ष. मी मुंबई बंदरावरच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. चोरलेला माल, घड्याळांची तस्करी आणि दारू पिऊन हाणामाऱ्या करणारे खलाशी, एवढंच आमचं जग. पेपरात मात्र रोज दक्षिण आफ्रिकेच्या बातम्या असत. काळ्यांच्या वस्त्या पेटलेल्या, आणीबाणी लागू झालेली, तरुण पोरं सीमा ओलांडून बंदुका चालवायला शिकत होती. आपल्या पासपोर्टवर तेव्हा ‘दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही’ असं लिहिलेलं असे, इतकं त्या सरकारशी आपलं वाकडं होतं.

एका सकाळी एका मालवाहू जहाजाचा गोवेकर खानसामा भाजी आणण्याच्या निमित्ताने उतरला आणि सरळ ठाण्यात आला. घाबरलेला होता. म्हणाला, “साब, जहाज पे एक आदमी छुपा था. कप्तान ने रंग के गोदाम में बंद किया है. पानी भी नहीं देता. मर जायेगा.”

खबर देणाऱ्याला त्यातून काय मिळणार, हे आम्ही आधी पाहतो. या खानसाम्याला मिळणार होती ती फक्त नोकरीवरून हकालपट्टी. म्हणून माझा लगेच विश्वास बसला.

पंच घेऊन जहाजावर गेलो, गोदाम उघडायला लावलं. रंगाच्या डब्यांमध्ये एक उंच, काळा तरुण भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेले. पाणी दिलं तर अधाशासारखं न पिता घोट घोट प्यायला. पंचनामा केला, त्याला ठाण्यात आणलं आणि विनापरवाना देशात आल्याबद्दल परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली नोंद केली.

दुपारीच जहाज कंपनीचा एजंट हजर. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. चोरून चढलेला माणूस त्याच जहाजाने परत जातो, हा नियम त्याने मला समजावून सांगितला. त्याच्या म्हणण्यात चूक काहीच नव्हती. आमचे वरिष्ठ निरीक्षकही म्हणाले, “माल उतरेपर्यंत वेळ आहे. कोण, कुठला, ते काढा. नाही निघालं तर जहाजावर सोडा.”

म्हणजे त्या माणसाचं काय होणार हे माझ्या चौकशीवर होतं. आणि तो तर काही बोलेना.

बोलेना म्हणजे गप्प बसायचा असं नव्हे, हे विशेष. अस्खलित इंग्रजीत बोलायचा, चहाबद्दल आभार मानायचा. गाव कुठलं? “झांबिया.” झांबियातलं कुठलं? हसायचा. नाव? “तुम्ही द्याल ते.” पाठीवर चाबकाचे जुने वळ होते, दंडात छर्रे घुसल्याच्या खुणा. कशाने झालं, विचारलं तर म्हणे, “खेळताना पडलो.” माझ्या एका सहकाऱ्याचे हात शिवशिवत होते. “दोन तास माझ्याकडे दे, पोपटासारखा बोलेल.” मी म्हटलं, ज्याने हे वळ असून तोंड उघडलेलं नाही, त्याच्यापुढे तुझ्या पट्ट्याची काय मातब्बरी?

कोंडी फोडली ती आमच्या लॉकअपवरच्या हवालदाराने. साताऱ्याकडचा, नोकरीत मुरलेला माणूस. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “साहेब, आज चहा-पावाला मारामारीच न्हाई झाली.”

आमच्या लॉकअपमध्ये पावावरून रोज मारामारी व्हायची. दांडगे ओढून घ्यायचे, पाकीटमार उपाशी राहायचे. मी विचारलं, “का बरं?”

“ह्यो नवा गडी पाव वाटून देतोय न्हवं! समदे पाव फुडं घेतो, सारखं तुकडं करतो, एकेकाला देतो. सोता शेवटी घेतो, उरंल ते. भाषा न्हाई येत कुणाची, पर ते दोन दादासुदिक गप घेत्यात. ह्यो चोर न्हाई, साहेब.”

मी दाराआड उभा राहून संध्याकाळी त्याला पाव वाटताना पाहिलं. माझे वडील बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होते, मग तुरुंगात. आमच्या घरी मरेपर्यंत भाकरी तेच वाटायचे आणि स्वतः शेवटी घ्यायचे. आई चिडायची, पण ती तुरुंगातली शिस्त होती. राजबंदी एकत्र जेवायचे आणि वाटणारा शेवटी घ्यायचा. समोरचा माणूस कोण आहे हे मला कळलं. त्याचं नाव तेवढं राहिलं होतं, आणि आता ते मला नको होतं.

त्याला बोलावून बसवलं, दार लावून घेतलं. म्हटलं, “तुझं नाव मला सांगू नकोस. ज्याला सांगशील असा कुणी या देशात असेल तर तेवढंच सांग.”

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग पहिल्यांदा तो खरं बोलला. “सीमेपलीकडून हत्यारं आणायचो. पाळत लागली तेव्हा एका बाईने मला घरात लपवलं. ती धुणी धुते, घरात लेकरं आहेत. तुमच्या कागदाची नक्कल त्या एजंटाकडे जाईल, तिथून माझ्या देशात. माझं नाव कळलं, की तिचं दार वाजलं.”

जहाज पुढे दक्षिण आफ्रिकेच्याच बंदरात जाणार होतं; त्याला परत चढवलं असतं तर फाशीच होती. हे माहीत असूनही तो एका धोबिणीचं दार राखत बसला होता. खोटं कशाला बोलू, मला त्याला सलाम ठोकावासा वाटला. टेबलाखाली पाय जुळलेही.

त्यांच्या लढ्याचं काम करणारी माणसं तेव्हा दिल्लीत होती. त्यांच्यातला एक जण शाळेत याचा शिक्षक होता. “ते मला चेहऱ्यावरून ओळखतील,” तो म्हणाला. मी वरिष्ठांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दिल्लीला ट्रंककॉल लावला. तिकडे एजंट घड्याळ बघत होता, क्रेन माल उतरवत होती. शेवटचे गठ्ठे उतरत असताना पिकल्या केसांचे ते मास्तर टॅक्सीतून उतरले. त्यांना पाहताच आमचा आरोपी वर्गात उभा राहावा तसा ताडकन उभा राहिला. मास्तरांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ढसाढसा रडले. याहून चांगली ओळखपरेड मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

मास्तरांनी खरं नाव बंद लिफाफ्यात दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना कळवलं. त्याला इथे ठेवून घेण्याची परवानगी आली. आमच्या कागदांत शेवटपर्यंत ‘अनोळखी इसम’ एवढंच राहिलं. जहाज त्याच्याशिवाय सुटलं.

फाटकापाशी तो थांबला. म्हणाला, “आता तुम्हाला नाव सांगायला हरकत नाही.”

मी म्हटलं, “नको. मी अजून नोकरीत आहे. उद्या कुणी वरून विचारलं तर मला सांगावं लागेल.”

तो मोठ्याने हसला आणि हात मिळवून गेला. पुन्हा भेट नाही.

आता दोह्याचं. मुलगी तिथल्या अल मन्सूरा वस्तीत राहते, जावई रास लफानच्या गॅस प्लँटवर इंजिनियर. त्याच्या प्लँटमधली एक दक्षिण आफ्रिकन सहकारी त्या दिवशी जेवायला आली होती, काळी, चाळिशीची, हसरी. येताना सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून कुनाफा ही चीजची अरबी मिठाई घेऊन आली. मुलीने तिच्याच हातात सुरी दिली. तिने सारखे तुकडे केले, नातवापासून सगळ्यांना दिले आणि उरलेला मोडका तुकडा स्वतः घेतला.

मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, “आजीकडे. आमच्या घरी वाटणारा शेवटी घेतो.”

मग मी ही सगळी हकीकत सांगितली. मुलीलाही ती ठाऊक नव्हती. “अहो बाबा, नाव तरी विचारून ठेवायचंत! आज गूगल केलं असतं.”

पाहुणी मात्र चमचा खाली ठेवून बसली होती. म्हणाली, “माझी आजी लोकांचे कपडे धुवायची. त्या वर्षांत घरात अशी माणसं लपवायची. वाटायची रीत तिने त्यांच्याकडूनच घेतली. त्यांची नावं तिने कधी विचारली नाहीत.”

धुणी धुणाऱ्या बाया तिथे पुष्कळ असतील, हे तीस-पस्तीस वर्षं पुरावे तपासलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

बोलतं कसं करावं हे खात्याने मला शिकवलं. गप्प राहणाऱ्याला मान कधी द्यावा, हे त्या एका आरोपीने शिकवलं, आणि पुढच्या प्रत्येक चौकशीत ते उपयोगी पडलं. पण त्याच्या गप्प राहण्याचा शेवट काय झाला, हे मला कधी कळेल असं वाटलं नव्हतं.

“आजीचं मग काय झालं?” माझ्या मुलीने विचारलं.

“म्हातारी होऊन गेली,” पाहुणी म्हणाली. “तिच्या घरात, तिच्याच पलंगावर. आमचं दार कधीच वाजलं नाही.”