भाऊबीजेची ड्युटी

निवडणुकीचे भोंगे गल्लीतून फिरू लागले की भाऊबीजेची ती संध्याकाळ मला अजून आठवते. मी तेव्हा छत्तीसगडमधल्या भिलाईत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जन्मही इथल्याच पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमधला. आमच्या एका भिंतीला मल्याळी, दुसरीला तेलुगू, समोर भोजपुरी. कोणाच्या घरी फोडणी पडली हे आम्ही पोरं वासावरून ओळखायचो. त्या भिलाईसाठी आजही जीव तुटतो.

प्रचाराचे शेवटचे दिवस होते आणि बंदोबस्ताने आम्ही मेटाकुटीला आलो होतो. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आमच्या हद्दीतल्या रिसालीच्या सभेत एक उमेदवार म्हणाला, आंध्र-केरळवाल्यांनी तुमच्या पोरांच्या नोकऱ्या खाल्ल्या, त्यांचं सामान रस्त्यावर काढा, पोलिसांचं मी बघून घेतो. समोरचे निम्मे श्रोते भंडारा-गोंदियाचे, म्हणजे तेही बाहेरचेच. त्यांना तो म्हणाला, तुम्ही शेजारचे, तुम्ही आपलेच. त्यावर टाळ्या पडल्या.

दुसऱ्या संध्याकाळी त्या सभेतलंच एक टोळकं रिसालीच्या बाजारात शिरलं आणि त्यांनी एक इडलीचा ठेला पेटवला. मालकीण तेलुगू. ती तेव्हा घरी गेली होती. धावत आली तोवर सगळे पसार झाले होते, आणि भांडी ओढून काढताना तिचा हात भाजला. तिचा नवरा कारखान्यात, निवृत्तीला आलेला. त्याला सगळे अण्णा म्हणत. निवृत्तीनंतर इथेच राहायचं आणि दोघांनी ठेला चालवायचा, असं त्यांचं ठरलेलं होतं. आता बाईंचा एकच धोशा होता, श्रीकाकुळमला गावी चला.

पंचनामा झाला, पण साक्षीदार मिळेना. भरल्या बाजारात कुणालाच काही दिसलं नव्हतं. नोकरीत हे आंधळेपण मी पुष्कळ पाहिलं. शेवटी एका पानठेलेवाल्याने फोनवर हळूच सांगितलं, काडी लावणाऱ्याच्या कपाळावर ओवाळणीचं ताजं कुंकू होतं आणि पायांत कारखान्याचे बूट.

आमच्या पथकाने केलेल्या सभेच्या चित्रीकरणात पुढे उभं राहून ओरडणाऱ्यांत कारखान्याची मोजकीच माणसं दिसत होती. त्यांतल्या एकाची बहीण जवळच, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत राहायची. त्याला बोलावलं. गोंदियाकडचा, चाळिशीचा, साधा माणूस. तो म्हणाला, मी तर दुपारच्या पाळीला कामावर होतो. त्याच्या पाळीतल्या दोघांनी दुजोरा दिला. मी त्याला घरी पाठवायच्या बेतात होतो.

त्याच दिवशी अण्णांचा जबाब नोंदवताना मी सहज विचारलं, घटनेच्या वेळी तुम्ही कुठे होता? म्हणाले, ड्युटीवर. पण त्यांची त्या आठवड्यात सकाळची पाळी होती. मी तसं म्हणताच अण्णा जायला उठले. बायकोने मात्र सांगून टाकलं. सणाला एकमेकांची पाळी करायची कारखान्यातली जुनी रीत आहे. संक्रांतीनंतरच्या कनुमा सणाला हा गोंदियावाला अण्णांची पाळी करायचा, भाऊबीजेला अण्णा त्याची. कित्येक वर्षं हे चाललं होतं. म्हणजे तो बहिणीकडे ओवाळून घेत होता, तेव्हा त्याच्या जागी भट्टीसमोर अण्णा उभे होते.

हे ऐकवल्यावर त्याने सगळं कबूल केलं.

"चरोद्याहून परत येऊन राहिलो होतो, साहेब. रस्त्यात सभेवाले भेटले, त्यायच्या संगं निघालो. ठेल्यापाशी आल्यावर समजलं का हा वहिनीचा आहे. त्यायनं माचिस माह्याच हातात देली. हा माह्या दोस्ताचा आहे, एवढंच म्हणाचं होतं. तोंडातून निघालं नाही."

त्याची रवानगी कोर्टाकडे झाली. उमेदवारावरही गुन्हा नोंदवला. तो ठाण्यात आला, खुर्चीत ऐसपैस बसला आणि हसत म्हणाला, चुनाव में थोड़ा बोलना पड़ता है, साहब. जामीन करून प्रचाराला गेलासुद्धा. मला इतका संताप आला होता की त्याच्यासाठी मागवलेला चहा मी परत पाठवला. भाषण करणारा टाळ्या घेऊन पुढच्या सभेला जातो आणि ते निस्तरतात ऐकणारे, हे मी त्या केसमध्ये शिकलो. तेव्हापासून मी सभेत मंचाकडे कमी आणि समोरच्या माणसांच्या तोंडांकडे जास्त बघायला लागलो.

काही दिवसांनी अण्णा आले. केस मागे घेता येईल का, विचारत होते. मी म्हणालो, जाळपोळ आहे, ते आता तुमच्या-माझ्या हातात नाही. मग न राहवून म्हणालो, अण्णा, तुम्ही मात्र भिलाई सोडू नका.

ते उठता उठता म्हणाले, "मैं उसका ड्यूटी नहीं करता तो वो वहाँ जाता ही नहीं, साब. उसका बहन रोते हुए घर आया था. उसको क्या मुँह दिखाऊँ?"

संक्रांतीच्या आधी दोघं क्वार्टर सोडून गेली. मला ती इथे हवी होती. अजूनही हवी आहेत.