कॅन्टीनमागचं पाणी

हशू सर गेल्याचं मला कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. मूळ निरोप वर सरकून गेला होता, खाली नुसती जोडलेल्या हातांची रांग. मीही दोन हात जोडून टाकले आणि डबा उघडला. दिवाळीच्या आधी त्यांचा फोन दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा मी तो थांबेपर्यंत नुसतं नाव बघत बसलो होतो... त्या दिवशी डब्यात भाजी कसली होती ते सांगता येणार नाही, पण ते नाव अजून डोळ्यासमोर आहे.

हशमतराय हे त्यांचं पूर्ण नाव. राहायला उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. अंबरनाथच्या आमच्या कंपनीत खाण्याच्या पदार्थांत मिसळायचे घटक बनतात, तिथल्या लॅबचे ते प्रमुख. मी खरवईचा, बी.एस्सी. करून त्यांच्या हाताखाली लागलेला. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी त्यांनी मला विचारलं, "भोईरशेठ, दूध पांढरं का दिसतं?" मी म्हटलं, "म्हशीचं असल्यावर पांढरंच दिसणार ना सर." ते इतके हसले की बशीतला चहा सांडला. मग त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला एक लेझर अडकवलेला होता, फुटपाथवर मुलांसाठी विकतात तसला, लाल उजेडाचा. ट्यूबलाईट बंद करून त्यांनी तो साध्या पाण्याच्या ग्लासातून मारला. पाण्यात काहीच दिसलं नाही, फक्त पलीकडच्या भिंतीवर लाल टिकली. मग त्याच पाण्यात दोन थेंब दूध टाकलं, आणि ग्लासात आरपार एक लाल रेघ उभी राहिली. "दुधातलं प्रोटीन बारीक कणांत असतं. कण तुला दिसणार नाय, पण लाईट त्यांना धडकते ना बाबा! केसाच्या जाडीत हजार बसतील एवढे छोटे." मी तो लेझर मागून घेतला आणि उरलेला दिवस लॅबमधल्या प्रत्येक बाटलीतून मारत बसलो. सरांनी अडवलं नाही. उलट मधूनमधून येऊन विचारायचे, "काय सापडलं?"

तसे कण स्वतः बनवायचे, हे त्यांचं वेड होतं. व्हिटॅमिन डी तेलात विरघळतं, पाण्यात नाही. पनीर काढल्यावर जी निवळी उरते तिच्यातल्या प्रोटीनच्या कणांत ते लपवलं, तर नितळ सरबतातूनही देता येईल, वर तवंग येणार नाही. ऐकायला सोपं. "प्रोटीन म्हणजे लोकरीचा गुंडा," ते सांगायचे. "गरम केला की सुटतो, आणि सुटला की शेजारणीला मिठी मारतो. कमी मारली तर कण नाय, जास्त मारली तर दही. मिठी बरोबर कुठे थांबवायची, एवढंच आपलं काम, भोईरशेठ. बाकी सगळी भांडी घासणं." आमचं मात्र वर्षभर भांडी घासणंच चाललं होतं. रेघ यायची ती फिकी, आणि दुसऱ्या दिवशी व्हिटॅमिनचं तेल वर तरंगायचं.

आता जे लिहायचं ते मी सोळा वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

एका शनिवारी सर भाचीच्या लग्नाला गेले होते आणि लॅबचं डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र बंद पडलं. फोनवर ते म्हणाले, "पाणी नाय तर बसून राहा. आराम कर." मला आराम नको होता. कॅन्टीनच्या मागे बागेसाठी बोअर होती. तिचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडावर पांढरे थर चढलेले. मी ते दोनदा गाळलं आणि वापरलं. वहीत लिहिलं, 'पाणी: डिस्टिल्ड'. सोमवारी सरांनी लेझर मारला. मी तशी रेघ त्याआधी कधी पाहिली नव्हती, शिवणाच्या दोऱ्यासारखी ताणलेली. बाटली महिनाभर नितळ राहिली, तेलाचा टिपूसही वर आला नाही. सरांनी घरून लॅबभर पुरेल एवढं दाल-पकवान आणलं आणि प्रत्येकाला सांगितलं, "भोईरने केलंय." मोठ्या साहेबांनी ती बाटली एका गिऱ्हाइकाला दाखवली. गिऱ्हाईक म्हणालं, पुन्हा करून दाखवा.

पुन्हा झालं नाही. यंत्र दुरुस्त झालं होतं, पाणी शुद्ध होतं, वहीत लिहिलंय तसं सर अक्षरशः करत होते, आणि रेघ फिकी. त्यांनी मला एकदाच विचारलं, रागाने नाही, खरंच उत्सुकतेनं. "त्या दिवशी काय वेगळं केलंस, आठव ना." मी म्हटलं, "काही नाही सर. वहीत आहे तसंच." तेव्हा मलाही नक्की ठाऊक नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. पण तीन महिन्यांनी, सर मीटिंगला गेलेले असताना, मी बोअरचं पाणी आणून पाहिलं. रेघ आली. त्या पाण्यातलं कॅल्शियम मिठी घालून देत होतं, नेमकी हवी तेवढी. मी ग्लास सिंकमध्ये ओतला. खाण्याच्या पदार्थाच्या लॅबमध्ये बागेचं पाणी आणि वर वहीत खोटं, म्हणजे नोकरी गेली असती. लग्न ठरलं होतं... कारणं काय, मिळतातच. वरच्या मजल्यावर बोलणं सुरू झालं की ती बाटली मुळात बनावट होती. सरांनी राजीनामा दिला. जाताना लॅबमधल्या सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशीही. त्यांच्या जागेवर पुढे मी आलो.

बाराव्याला जायचा धीर झाला नाही. तीन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो. सरांच्या बायकोने, कमलाभाभींनी, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा. त्यांचा कारखाना दाखवते." स्वयंपाकघरात मसाल्यांच्या वरच्या फळीवर वीस-बावीस बाटल्या होत्या, पाण्याने भरलेल्या, प्रत्येकीवर सरांच्या तिरक्या मराठी अक्षरात चिठ्ठी, पाणी कुठलं आणि रेघ आली का. बेलवली, नळ: नाही. चामटोली, हातपंप: नाही. वालधुनी, नदी: नको रे बाबा! "रिटायर होऊन लोक तीर्थाला जातात," भाभी म्हणाल्या, "हे पाणी भरत फिरायचे. माझ्या चहाच्या पातेल्यात प्रोटीन उकळायचे. सगळा चहा फाटलेला लागायचा." एका बाटलीवर होतं, खरवई, विहीर: थोडी. ती विहीर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. ते तिथे आले, बादली टाकून पाणी काढलं आणि परत गेले.

शेवटची बाटली रिकामी होती. चिठ्ठीवर 'कंपनी, कॅन्टीनमागे', आणि पुढची जागा कोरी. "ही रिकामी का, मी विचारायची," भाभी म्हणाल्या. "तर म्हणायचे, ही भोईर आणेल."

त्यांना माझं खोटं कळलं होतं? की मी अजून त्या गेटच्या आत असतो एवढंच त्यांच्या मनात होतं? दिवाळीचे दोन फोन त्यासाठीच होते का? मी अनेक रात्री हे उलटसुलट करून पाहिलंय. ज्याला विचारावं तो माणूस राहिलेला नाही.

मी भाभींना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सोळा साल या घरात ते स्वतःचीच चूक शोधत होते. मला वाटायचं, हट्टी आहेत." त्यांनी ती बाटली फळीवरून काढून माझ्या हातात दिली. "रिकामी परत आणू नका."

गेल्या रविवारी भरून नेली. भाभींचीच पातेली, त्यांचाच गॅस. एकात डिस्टिल्ड पाणी, एकात कॅन्टीनमागचं. दोन्हींत प्रोटीन तापवलं आणि निवू दिलं. भाभी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या आणि खिडकीचा पडदा त्यांनी स्वतःच ओढला, सवयीने. पहिल्या ग्लासात फिकी रेघ. दुसऱ्या ग्लासात... भाभी वाकून बघत राहिल्या. "हीच?" त्यांनी विचारलं. "हीच," मी म्हटलं. त्यांनी लेझर माझ्या हातातून घेतला आणि स्वतः पुन्हा मारून पाहिला, वरून, बाजूने, लहान मुलीसारखं. मग त्यांनी मला डबीतलं पेन आणून दिलं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर, सरांच्या तिरक्या अक्षरापुढे, मी लिहिलं: आली. आणि खाली सही केली, पूर्ण नावाने.