खुर्चीच्या यादीतलं माझं नाव

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाला गेले, तेव्हा माझं नाव खुर्चीवाल्यांच्या यादीत निघालं. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते.

आमचं मंडळ जयपुरातल्या मराठी घरांचं. बँकेत, विम्यात, सरकारी खात्यात बदली होऊन आलेली ही माणसं एरवी एकमेकांना भेटत नाहीत, पण महाप्रसादाला झाडून सगळी येतात. भाड्याच्या हॉलमध्ये जमिनीवर पट्ट्या अंथरून तीन पंगती बसतात. भिंतीशी गुडघे गेलेल्यांसाठी टेबल-खुर्च्या. त्यासाठी दोन याद्या असतात, एक खुर्चीवाल्यांची आणि एक वाढप्यांची. साठीच्या आतला जो कोणी खुर्चीवर नाही त्याने एक पंगत वाढायची, हा नियम मीच केलेला. त्याआधी वाढायची वेळ आली की निम्मं मंडळ फोन घ्यायला बाहेर जायचं. मी स्वतः देखरेख करत असे. देखरेखीला वाकावं लागत नाही.

त्या वर्षी याद्या एका नव्या मुलीकडे होत्या. इथेच जन्मलेली, सव्विशीची, एका कंपनीत नोकरीला. तिचं मराठी हिंदीचा हात धरून चालतं.

"हे नाव कुणी घातलं?" मी विचारलं.

"मी, काकूजी. मागच्या वर्षी तुम्हाला उठवायला दोन जण लागले होते ना. मतलब, मी पाहिलं होतं."

"दोन नाही. एकाने नुसता हात दिला होता."

"आणि पाठीमागून ते काका..."

"बरं, कळलं."

खुर्चीवर बसले. एका बाजूला सासूबाई. त्या एकोणऐंशीच्या, जमिनीवरून माझ्या आधी उठतात, पण खुर्ची मिळाली की सोडत नाहीत. दुसऱ्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांनी मला वरणभातापासून श्रीखंडापर्यंत आपल्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं सांगितली आणि शेवटी डॉक्टरचा नंबर दिला. मी तो लिहून घेतला. घरी आल्यावर राग आला तो याच गोष्टीचा.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसले आणि ध्येयं लिहिली. रोज दहा हजार पावलं, दहा किलो वजन कमी, बारा सूर्यनमस्कार, साखर बंद. सासूबाईंनी चष्मा लावून यादी वाचली.

"हे कोण करणार आहे?"

"मी."

"मग एकच लिही. तुझं मला माहीत आहे, चार लिहिलीस की पाचवं म्हणून झोपशील."

बोलणं कडू होतं, पण हिशेबात चूक नव्हती. मी सगळं खोडलं आणि एकच ओळ लिहिली: पुढच्या गणपतीत पंगतीला जमिनीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. कागद फ्रिजवर लावला.

पहिल्या दिवशी दिवाणखान्यातल्या फरशीवर मांडी घातली आणि उठायला गेले. काही झालं नाही. म्हणजे मी पुढे झुकले, मागे झुकले, थोडी डावीकडे सरकले, पण वर गेले नाही. शेवटी सोफ्याला धरून उठले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सोफा त्या बाजूला असल्याबद्दल देवाचे आभार मानल्यासारखं वर बघितलं.

मग मी डोकं वापरलं. माणसाला एकदम जमिनीवरून उठता येत नसेल तर जमीन वर आणावी. घरात वर्षभराची रद्दी होती. तिचा स्टुलाएवढा गठ्ठा बांधला, वर सतरंजी घातली. त्यावरून हात न टेकता उठता आलं. ठरवलं, दर सोमवारी गठ्ठ्यातून सात पेपर काढायचे. सात पेपर म्हणजे बोटभर उंचीसुद्धा नाही, गुडघ्यांना कळणारही नाही. कबाडीवाल्याला सांगितलं, दिवाळीची रद्दी या वर्षी मिळणार नाही. तो म्हणाला, "बहनजी, भाव बढ़ने का इंतज़ार कर रही हो क्या?"

नवऱ्याला हा उपक्रम पटला नाही. त्याला जुने पेपर लागतात. शब्दकोडी राहिलेली असतात.

"तू बसली आहेस त्यात मागच्या बुधवारचा आहे का?"

"असेल. वरून सोळावा."

"जरा उठ ना."

"अजून तीन वेळा उठायचंय, त्यात उठते."

असं वर्षभर चाललं. गठ्ठा गुडघ्याच्या खाली आला, मग पाटाएवढा झाला. थंडीत गुडघे कुरकुरले. शेजारच्या भाभीजी शेखावाटीतल्या. त्यांचं निदान तयार होतं: आम्ही मराठी लोक पोळीला तूप लावतो की नुसतं दाखवतो, म्हणून सांधे वाजतात. त्यांनी तुपाची एक बरणी आणून दिली. तूप सासूबाईंनी संपवलं. त्यांचे सांधे आधीच वाजत नव्हते.

जुलैत शेवटचा पेपर काढला. सकाळी सहाला, सलवार-कुडत्यात, फरशीवर मांडी घातली, पुढे झुकले आणि सरळ उभी राहिले. दहा वेळा केलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता त्या कोपऱ्यातलं झाडून घे."

गणपतीत खुर्चीच्या यादीत माझं नाव होतंच. मी त्या मुलीला सांगितलं, जमिनीवर बसणार आहे, उठले की खोड. ती म्हणाली, "पक्का?" आणि पेन हातात घेऊन समोरच उभी राहिली. भाभीजींना मी पाहुण्या म्हणून आणलं होतं, त्या शेजारी बसल्या.

चूक माझ्या लक्षात मसालेभाताला आली. वर्षभर मी बसत होते आणि लगेच उठत होते. रिकाम्या पोटी, सैल कपड्यांत. इथे अंगावर जरीची साडी, पोटात चार पुऱ्या आणि श्रीखंड, आणि मांडी घालून पाऊण तास झालेला. आमच्यात सगळ्यांचं होईपर्यंत पंगतीतून कुणी उठत नाही. सगळ्यांचं झालं होतं, फक्त खुर्चीवरच्या त्या निवृत्त गृहस्थांचं व्हायचं होतं. ते शेजारच्याला काहीतरी सांगत भात चिवडत होते. दुसरा गुडघा बाकी असावा.

त्यांनी एकदाचा शेवटचा घास घेतला, तेव्हा माझा उजवा पाय कमरेपासून खाली माझा राहिला नव्हता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पंगतीच्या टोकाला होते, आधी मी उठायचं. मी वाढप्याला म्हटलं, "थोडा मठ्ठा."

खाणारा खातोय तोवर पंगत हलत नाही. मठ्ठा सावकाश प्यायले. पायाला मुंग्या आल्या, म्हणजे सुधारणा होती, पण उठण्याइतकी नाही. "एक मोदक." मग आणखी एक मोदक. वाढप्याला वाटलं मला आवडले, त्याने तिसरा न विचारता वाढला. दुसऱ्या पंगतीची माणसं दारात उभी होती. त्यातल्या कुणीतरी म्हटलं, "काकू आज जोरात आहेत."

भाभीजी हळूच म्हणाल्या, "हाथ दूँ?"

"हाथ मत लगाना, भाभीजी."

भिंतीकडून सासूबाईंचा आवाज आला. तो सगळ्या हॉलला ऐकू जातो. "अगं, भूक लागलीय की पाय झोपलाय?"

यानंतर बसून राहण्यात अर्थ नव्हता. उजवा हात खरकटा होता, डाव्यात निऱ्या. टेकायला हात उरलाच नव्हता, ते एका अर्थी बरं झालं. मी पुढे झुकले. तिन्ही मोदक एकदम पुढे आले. डावा पाय रोवला आणि वर गेले. उजवा पाय हवेत राहिला, त्याला जमिनीवर ठेवलं तर काय होईल याची खात्री नव्हती. पण उठले. कागदावर मी हातांचं लिहिलं होतं, पाय किती वापरायचे हे लिहिलं नव्हतं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोकांना भूक लागली होती. त्या मुलीने मात्र सगळं नीट पाहिलं आणि माझ्या नावावर रेघ मारली. मग पान उलटून दुसऱ्या यादीत काहीतरी लिहिलं.

"तिकडे काय लिहितेस?"

"वाढपी, काकूजी. मतलब, साठच्या आत आणि खुर्ची नाही. तुमचाच नियम आहे ना."

हात धुऊन आले तोवर तिने वरणाची बादली माझ्यासमोर आणून ठेवली होती. पंगतीत पस्तीस पानं. प्रत्येकाला वाकून वाढायचं. उजव्या पायात अजून मुंग्या होत्या. पहिल्या पानाला वाकले तेव्हा मागून सासूबाई खुर्चीत रेलून म्हणाल्या, "खालून ढवळ गं, नुसतं पाणी वाढतेयस."