फुलांच्या चौकटीतला माझा फोटो

"तुमच्या शरीरात रक्त तयार होणंच कमी झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर लिहिलं, ॲप्लास्टिक ॲनिमिया. म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात रक्त बनतं, आणि माझा मगज कामचुकार झाला होता. मी विचारलं, मग आता? त्या म्हणाल्या, "गोळ्या देते, पण त्या लागू पडायला महिने लागतात. तोवर दुसऱ्यांचं रक्त चढवावं लागेल."

तोवर! या एका शब्दाने माझी झोप उडवली.

तुमच्यापैकी कोणाला विनाकारण दम लागत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील, तर माझ्यासारखा वेळ घालवू नका. मी धानाच्या रोवणीचा थकवा समजून घरीच बसले होते.

आम्ही कामठ्याचे, दवाखाना गोंदियात. रक्तपेढीत सांगितलं, रक्त घ्या, पण बदल्यात कोणीतरी द्या, गट कोणताही चालेल. आमच्या ह्यांनी पहिल्याच वेळी दिलं. आता तीन महिने त्यांचं रक्त घेता येत नव्हतं. मग कोणीतरी नंदूभाऊचा नंबर दिला.

नंदूभाऊ रक्तदानाचा ग्रुप चालवायचा. पांढरा कडक शर्ट, हातात दोन मोबाईल. फोन केला की गावातले दोन तरणे पोट्टे घेऊन हजर. स्वतः मात्र सुईच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. रक्त देऊन झालं की सगळे माझ्या खाटेभोवती उभे राहायचे आणि फोटो निघायचा. मी मधे, गोळ्यांनी सुजलेलं तोंड घेऊन. गावभर तो फोटो फिरायचा, खाली नंदूभाऊचं नाव मोठं. त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं.

एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, रक्त आणून राहिले का माझं तोंड विकून राहिले?"

तो हसला. "ताई, फोटो पाहूनच पोट्टे येतात. अन् माझंबी काम होते. दोघांचं भलं."

निर्लज्ज मेला! मी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी फोटो निघाला नाही. हे माझ्यावर चिडले, "काय जाते तुझं? काऊन अडून राहिली?"

काय जातं ते मला सांगता येईना. पण अंथरुणात नुसती कूस बदलत होते. हा माणूस तिकिटासाठी करतो, तर मी त्याचे उपकार मानायचे का? आणि तिकीट मिळालं की मग मला कोण विचारणार?

तिकीट मिळालं नाही. दुसऱ्यालाच दिलं. त्या दिवसापासून नंदूभाऊचे दोन्ही फोन बंद.

नेमकं तेव्हाच माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टरीणबाई डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहत म्हणाल्या, "उद्यापर्यंत पिशवी चढलीच पाहिजे." मी घाबरले. खरंच घाबरले. वाटलं, आपल्या ताठ्यानेच हे झालं.

ह्यांनी मग स्वतःच फोटो बनवला. मी डोळे मिटून पडले होते तेव्हा काढला. मोबाईलमध्ये चौकटी असतात, त्यातली फुलांची, खाली समई असलेली, त्यांना सुंदर वाटली. गावात कोणी गेलं की हीच चौकट लावतात, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. खाली 'रक्ताची गरज' लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला, पण ते कोणी वाचलंच नाही.

सकाळी वॉर्डाच्या दारात रडारड. अर्धा कामठा मयतीला आला होता! शेजारची शांताबाई पदर तोंडाला लावून आत आली आणि मला उठून बसलेली पाहून किंचाळली, "अवो माय! हे त जित्ती हाय!"

हसू आवरेना, रडूही आवरेना. शांताबाईने ह्यांना चांगलंच झापलं, मग म्हणाली, "आता आलोच आहो त रक्त देऊन जातो. उद्या मलेबी लागन." आणि बाया-माणसं सुईच्या खोलीकडे निघाली.

सगळ्यात मागे नंदूभाऊ होता. चुरगळलेला शर्ट, हातात माझ्यासाठी आणलेला हार. "ताई," तो म्हणाला, "तिकीट गेलं, अन् वाटलं तुम्हीबी गेल्या." हार खाटेवर ठेवून त्याने बाही वर केली. सुईच्या खोलीत त्याला भोवळ आली म्हणे, पण पिशवी भरूनच उठला.

परत आला तेव्हा मी विचारलं, "फोटो?"

"आता कोनासाठी?"

"माझ्यासाठी काढा. अन् डोळे उघडे असू द्या माझे. गावाले दाखवा, जित्ती आहे म्हणून."

पुढे गोळ्या लागू पडल्या. आता तपासणीपुरती जाते. मला कोणाला रक्त देता येत नाही, म्हणून नंदूभाऊच्या ग्रुपसाठी फोन लावते. पुढल्या तिकिटाची त्याची आशा सुटलेली नाही, ते मला ठाऊक आहे. आणि लोकांनी "ताई, तुम्ही होत्या म्हणून" असं म्हटलं की मला दिवसभर गोड वाटतं, तेही ठाऊक आहे. पूर्वी यावरून मी तळमळले असते.

परवा दवाखान्यात खाटेवरच्या एका बाईने फोटोला नाही म्हणून भिंतीकडे तोंड केलं. मी नंदूभाऊचा मोबाईल खाली करायला लावला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "नको काढून घेऊ फोटो, बाई. रक्त येते तरीबी."