धुकं उठेपर्यंत

आज मी जो काही आहे, तो माझ्या गणिताच्या बाईंमुळे. दहावीनंतर वडील मला एका सुताराच्या हाताखाली घालणार होते. बाई घरी आल्या, चहाला नको म्हणाल्या आणि वडिलांचा होकार घेऊनच उठल्या. पुढची दोन वर्षं मी तालुक्याला त्यांच्याच घरी राहून शिकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. नोकरीने पुढे मला सिंगापूरला आणलं.

तांजोंग पगारमधल्या आमच्या ऑफिसातून आम्ही दूरदूरच्या हवाई तळांना हेलिकॉप्टरचे सुटे भाग पुरवायचो. माझ्याकडे पार उत्तरेकडच्या एका बेटावरचा तटरक्षक दलाचा तळ होता. समुद्रात बोट बुडायला लागली की तिथून हेलिकॉप्टर निघायचं. त्यांची दुपार ती आमची सकाळ, तेव्हा फोन व्हायचा. कामाची रीत अशी, की भागाची मागणी आली की जो तिची केस उघडेल त्यानेच ती बंद करायची. आणि केस बंद व्हायची ती भाग पोचल्यावर नव्हे, दुरुस्त झालेलं हेलिकॉप्टर चाचणीसाठी उडून परत उतरल्यावर. तोवर रजा नाही.

२०१५ साली बाईंचं बायपासचं ऑपरेशन ठरलं. त्यांनी लग्न केलं नव्हतं. फोनवर म्हणाल्या, "सोमवारी आहे. शुद्धीवर येईन तेव्हा आपलं कुणी समोर असू दे रे."

मी शुक्रवारच्या विमानाचं तिकीट काढलं. माझी एकच केस उघडी होती; तिच्यातला गिअरबॉक्सचा भाग तळावर पोचला होता, बसवूनही झाला होता. फक्त उड्डाण राहिलं होतं. आणि तिथे धुकं उतरलं.

"हँगरचं दार उघडलं तर समोरची गाडी दिसत नाही," तिथला मेकॅनिक बुधवारी म्हणाला. गुरुवारीही तेच. शुक्रवारी मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "विचारूच नकोस. माझी बायको पलीकडच्या बेटावर अडकलीय, तीही रोज हेच विचारते." माझ्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. खिडकी उघडणारी नव्हती.

शेजारच्या टेबलावरच्या चिनी सहकाऱ्याला म्हटलं, माझी केस तू घे. "कॅनॉट लाह. यू ओपन, यू क्लोज." मग बिचाऱ्याने खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून पिशवीतली कॉफी आणून माझ्यापुढे ठेवली.

मॅनेजर मूळचे मुंबईचे. मी म्हटलं, "सर, बाई मला आईसारख्या आहेत."

"अरे, मलाही आई आहे. पण तुझा वर्क पास रिन्यूअलला गेलाय ना? मध्येच निघालास तर मी वर काय सांगू?"

सिंगापुरात राहायचा पास कंपनीमुळे, आणि गावाकडचं घर माझ्या पगारावर. विमान माझ्याशिवाय गेलं. बाईंना फोनवर सगळं सांगितलं.

रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर एका बाकावर जाऊन बसलो. समोर जहाजं नांगर टाकून उभी होती. बाईंचा फोन आला.

"उडालं का रे तुझं हेलिकॉप्टर?"

"नाही, बाई."

"मग तिथल्या माणसांना वाचवणार कोण?"

"दुसरं आहे एक."

"एकच? आणि ते बिघडलं म्हणजे?" वर्गात विचारायच्या तशाच. मग म्हणाल्या, "येऊ नकोस. काम सोडून यायचं नाही."

मला मोकळं केलं त्यांनी, पण मी त्याच बाकावर अंधार पडेपर्यंत बसून राहिलो.

ऑपरेशन नीट झालं. त्या शुद्धीवर आल्या तेव्हा समोर शेजारीण होती. बुधवारी धुकं उठलं. त्या दिवशी मी बाईंना पत्र लिहिलं.

"ती. बाईंना सा. न.

हेलिकॉप्टर आज उडालं. चाचणी झाली आणि लगेच ते एका कोळ्याला आणायला गेलं. तो वाचला. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, सबब म्हणून नाही.

माझा पास वाढवून मिळाला. पेढे वाटावेत अशी बातमी आहे, पण मला सुटल्यासारखं वाटत नाही. तुम्हाला खोटं लिहायची मला सवय नाही, म्हणून लिहिलं. पासच्या कागदावर सही मात्र केली.

रजेचा अर्ज दिला आहे. आज सकाळी दुसऱ्या हेलिकॉप्टरची केस आली, ती मीच उघडली. म्हणून येण्याची तारीख लिहीत नाही. पथ्य सांभाळा. जिना चढू नका.

तुमचा विद्यार्थी."