म्हशीच्या गोठ्यात गर्दी चालत नाही

मी दवाखान्यात नर्स आहे. आज सकाळी पिंपळवंडीकडची एक पहिलटकरीण आली. तिच्यासोबत पिकअपमधून नऊ माणसं.

कॉटभोवती सगळ्यांचं एकदम चालू. "जोर लाव." "ओरडू नको, भाईर सासरे बसलेत." पोरगी मुठी आवळून पडलेली. कळा मंदावल्या होत्या. गर्दी कमी करा म्हणून मी तीनदा सांगितलं. नर्सचं कोण ऐकतं!

शेवटी सासूबाईंना विचारलं, "मावशी, घरी म्हशी आहेत ना? विताना काय करता?"

"काय न्हाई करत. गोठ्याकडं कुणाला फिरकू देत न्हाई. माणसं दिसली की म्हैस कळ दाबून धरती."

बोलता बोलता त्या थांबल्या. सुनेकडे बघितलं. मग वळून म्हणाल्या, "चला, भाईर व्हा समदे. चहा प्या जावा."

त्यानंतर पोरगी उठली. खिडकीला धरून हवी तशी झुलली, हवी तशी ओरडली. मावशी गपचूप तिची कंबर चोळत होत्या. दुपारी मुलगी झाली. दोघी ठीक आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या वेळी खोलीत किती जण होते? आणि त्यातलं तुम्हाला कोण हवं होतं?