आधी एक चक्कर

“थांबा. आधी एक चक्कर.”

असं म्हणून ते हातातली पिशवी खाली ठेवायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि भाड्याने आलेल्या गाडीभोवती सावकाश फिरायला लागायचे. बंपरपाशी वाकायचे. दाराच्या कडेवरून बोट फिरवायचे. चाकापाशी उकिडवे बसायचे आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून “हं” करायचे. गाडी पोचवायला आलेला माणूस रिमझिम पावसात क्लिपबोर्ड घेऊन उभा असायचा. “हिअर. ओल्ड स्क्रॅच. प्लीज राइट,” ते म्हणायचे. तो लिहायचा. मग पुढचा ओरखडा.

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या कंपनीत गिऱ्हाइकांकडे जायला अशा गाड्या नेहमी यायच्या. बाकीचे लोक उभ्याउभ्या सही करून किल्ली घ्यायचे. ह्या गृहस्थांची चक्कर सुरू झाली की आमच्या विभागातला एक इंग्रज खिडकीतून बघून म्हणायचा, “चला, चहा करायला वेळ आहे.” ते ऐकून हेही हसायचे. फेरी मात्र अर्धवट सोडायचे नाहीत.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी नागपुरातल्या कॉन्व्हेंटमधून शिकलेली, प्रोग्रॅमर म्हणून नवीनच आलेली, आणि चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटणारी. ते हिशेब खात्यात होते, पन्नाशी उलटलेले. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. मला ते शक्य नव्हतं, आणि इंग्रजांसमोर ‘काका’ म्हणायचीही लाज वाटायची. म्हणून मी त्यांच्या टेबलाशी जाऊन नुसती उभी राहायची. ते कधीतरी वर बघायचे. “अगं, खोकायचं तरी,” म्हणायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आधी सगळं नीट बघून घेतलं की पुढे वाईट काही घडत नाही, असा ज्यांचा विश्वास असतो. मी भाड्याची खोली घेतली तेव्हा ते स्वतःहून बघायला आले. आधी घराभोवती बाहेरून चक्कर. मग नळ, खिडक्या, दाराची कडी. कपाट सरकवून त्यांनी मागची ओल शोधून काढली आणि घरमालकिणीला म्हणाले, “हे आमच्या मुलीच्या आधीचं आहे. लिहून ठेवा.” मालकिणीने मुकाट्याने लिहिलं. ‘आमच्या मुलीच्या’ हे शब्द मला पुढे कितीतरी दिवस पुरले.

त्यांची स्वतःची मुलगी पुण्यात होती. आई लहानपणीच गेली, हे नोकरीसाठी इकडे आले आणि मुलगी आत्याकडे वाढली. तिचं लग्न त्यांनी एका सुट्टीत ठरवलं आणि त्याच सुट्टीत लावलं. जावई देखणा, शिकलेला, चांगल्या नोकरीत. त्या उन्हाळ्यात दोघं पहिल्यांदाच इंग्लंडला येणार होती.

आणि म्हणून आम्ही क्रेडिट कार्ड निवडायला बसलो.

त्याचं असं होतं. गाडी भाड्याने घेतली की तिचा विमा असतो, पण नुकसान झालं तर भरपाईतला पहिला मोठा वाटा भाडेकरूच्याच माथी येतो. काही थोडी कार्डं अशी होती की त्या कार्डावर गाडी घेतली, तर हा वाटा कार्डवाले उचलायचे. कुठलं कार्ड, किती उचलतं, कुठल्या अटींवर, हे प्रत्येकाचं निराळं. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या टेबलावर ते माहितीपत्रकं पसरायचे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर मीठ-मिऱ्याच्या बाटल्या ठेवायचे आणि मला म्हणायचे, “तुझं इंग्लिश मीडियम ना? मग ते खालचं बारीक तू वाच.”

बारीक वाचून शंका उरल्या की फोन. तोही मलाच करायला लागायचा, कारण माझे उच्चार पलीकडच्यांना एकदा बोलून कळायचे. फोनची मला धास्ती वाटायची. हे शेजारी बसून मराठीत प्रश्न पुरवायचे.

“विचार, दगड उडून काच फुटली तर?”

मी विचारलं. काच धरलेली नव्हती.

“ह्यांच्यावर फुली. आता दुसऱ्यांना लाव. विचार, मेंढी आडवी आली तर?”

“काका, मेंढी?”

“अगं, खेड्यात जायचंय. विचार.”

मी डोळे मिटून विचारलं. “मेंढी का, लव्ह?” पलीकडच्या बाईने विचारलं, आणि मग हसत हसत सांगितलं की हो, मेंढी चालेल. ह्यांनी समाधानाने मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितला.

“आता विचार, काही नुकसान झालंच, तर तिथल्या तिथे कोणी कोणाला काही बोलत नाही ना?”

मी फोनवर हात धरला. “हे कसं विचारू?”

त्यांनी समोरच्या माहितीपत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, “खरंय. हे नको विचारू.”

फोन ठेवल्यावर ते मिठाची बाटली उगाच फिरवत होते. “रविवारी फोन करतो ना मी तिला,” ते म्हणाले. “सगळं छान आहे म्हणते. लहानपणी तिला काही म्हणजे काही छान लागायचं नाही. आमटी आंबट, फ्रॉक टोचतो, आत्याचा रेडिओ मोठा. मी सुट्टीवर गेलो की नुसत्या तक्रारी. आता विचारावं तर छान. पाऊस छान, सासू छान, तब्येत छान.” मग म्हणाले, “गाडीला जरा खरचटलं तरी कोणी चिडायला नको, असं कार्ड पाहिजे. बस.”

तेव्हा मला कळलं की आम्ही इतके दिवस काय शोधत होतो. मी पुढचं माहितीपत्रक उचललं.

शेवटी मेंढीवालं कार्ड ठरलं. वर्षाची फी होती, पण ओरखडा, पोचा, आरसा, काच, सगळं त्यात होतं. अट एकच, आणि ती मी दोनदा वाचून दाखवली: नुकसान होताना कार्डाचा मालक स्वतः गाडी चालवत असला पाहिजे. “मीच चालवणार,” ते म्हणाले. “जावईबापूंनी मागे आरामात बसावं.” कार्ड आलं तेव्हा ते त्यांनी माझ्या टेबलाशी आणून दाखवलं, कागदी पाकिटातून अर्धंच बाहेर काढून.

ती दोघं आली. एका शनिवारी कॉट्सवोल्डच्या खेड्यांकडे जायचं ठरलं आणि त्यांनी मलाही बोलावलं. मी आढेवेढे घेतले. “ये गं,” ते म्हणाले. “बाहेरचं माणूस बरोबर असलं की बरं असतं.”

गाडी घ्यायला आम्ही चौघंही गेलो. त्यांनी नेहमीप्रमाणे पिशवी खाली ठेवली, हात मागे बांधले आणि चक्कर सुरू केली. जावई खिशात हात घालून बघत होता. मजेत म्हणाला, “बाबा, गाडी घेताय की मुलगी बघताय?”

मी हसले. हसण्यासारखंच होतं ते. त्यांची मुलगी लगेच हसली नाही, तिने आधी नवऱ्याकडे बघितलं आणि मग हसली. आणि हे मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते, ते जरा जास्तच वेळ तसेच राहिले. उरलेली बाजू त्या दिवशी त्यांनी घाईने उरकली.

तिथल्या ऑफिसात जावयाने आपलं लायसन्स पुढे केलं. “माझंही नाव घालून ठेवा. लागलं तर.” गाडीवाल्यांची काही हरकत नव्हती. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. कार्डाची अट आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. जावई बोलका होता, मलाही आदराने वागवत होता. मुलगी माझ्या शेजारी मागे बसली होती. मी विचारलं, इंग्लंड कसं वाटतंय? “छान,” ती म्हणाली. पुढच्या सीटवरून तिचा नवरा काही बोलला की ती वाक्य मध्येच सोडून द्यायची.

एका गावात चहा झाल्यावर जावयाने हात पुढे केला. “बाबा, किल्ली. तुम्ही दमलात. आता मी.”

“नाही, नाही, मी ठीक आहे. आणि कार्डाचा एक नियम आहे हो...”

“कार्ड राहू दे तुमच्या खिशात.” तो हसतच होता. हात तसाच पुढे होता.

“द्या ना बाबा,” मुलगी म्हणाली. इतक्या झटकन म्हणाली की मी तिच्याकडे बघितलं.

मी बोलायला हवं होतं का? नियम मी वाचलेला होता, इंग्लिश मीडियम माझं होतं. पण तिचा आवाज ऐकल्यावर मला वाटलं, आता नियम सांगितला तर त्याचं तिलाच काहीतरी भरावं लागेल. त्यांनाही बहुधा तेच वाटलं. त्यांनी किल्ली दिली आणि माझ्या शेजारी मागे येऊन बसले. मुलगी नकाशा घेऊन पुढे गेली.

रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना दगडांच्या बुटक्या भिंती. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला, जावयाने गाडी डावीकडे घेतली आणि एक लांबलचक आवाज आला. जणू कोणी पत्रा सावकाश फाडत होतं. ट्रॅक्टरवाला हात हलवून निघून गेला.

जावई ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्याने इंजिन बंद केलं आणि अगदी हळू विचारलं, “नकाशा कशाला धरलायस हातात?”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “अहो, चुकलं माझं.” तिचं काय चुकलं होतं? भिंत नकाशात नसते. बोलता बोलता तिने उजवा दंड अंगाशी घट्ट घेतला होता आणि ती दाराकडे सरकली होती. अगदी थोडीशी. सवयीने माणूस सरकतं तेवढी.

ते मी पाहिलं. माझ्या शेजारी बसलेल्या माणसानेही पाहिलं.

“काही होत नाही,” ते मागून म्हणाले. “कार्ड आहे. सगळं कार्डात आहे. एक पैसा लागत नाही. खरंच, काही लागत नाही.” आता ते कार्ड काहीच देणार नव्हतं, हे त्यांच्याइतकंच मलाही माहीत होतं. तरी ते म्हणत राहिले, “कार्ड आहे ना, कार्ड आहे.”

“पैशांचा प्रश्नच नाहीये, बाबा,” जावई म्हणाला.

ते खाली उतरले. मला वाटलं, नेहमीसारखी चक्कर मारतील. पण ते ओरखड्याकडे न बघता पुढून वळसा घालून आले आणि भिंत व गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरून मुलीच्या खिडकीशी उभे राहिले. तिने काच खाली केली.

“खूप लागलंय का बाबा?”

“नाही गं. वरवरचं आहे,” ते म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. तिने मान खाली घातली. जावयाने बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरला होता. मी माझ्या पर्सचा पट्टा बघत होते.

गाडी परत करायला आम्ही दोघंच ऑफिसात गेलो, ती दोघं बाहेर थांबली. काउंटरवरच्या माणसाने कागद पुढे ओढून विचारलं, गाडी कोण चालवत होतं?

‘मी’ एवढं म्हटलं असतं तर कार्डाने सगळं उचललं असतं. काचेपलीकडे जावई तिच्याशी काही बोलत होता, ती मान डोलावत होती. मी मनात म्हणत होते, म्हणा ‘मी’. कोण विचारायला येणार आहे?

“माय सन-इन-लॉ,” ते म्हणाले. मग काउंटरवर किंचित वाकून, “प्लीज राइट.”

त्या माणसाने लिहिलं. त्याने लिहून पूर्ण करेपर्यंत हे त्याच्या पेनाकडे बघत होते. बाहेर आल्यावर जावयाला म्हणाले, “झालं. कार्डातून झालं.” जावई म्हणाला, “बघा, उगाच घाबरत होतात.”

ती दोघं परत गेली, त्यानंतरच्या सोमवारी मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी वर बघितलं, पण खोकण्यावरून काही म्हणाले नाहीत.

“तिला म्हटलं मी, राहा इथे थोडे महिने. मी बोलतो त्याच्याशी.”

“मग?”

“म्हणाली, बाबा, सगळं छान आहे.”

वसंतात त्यांनी नोकरी सोडली. निवृत्तीला वेळ होता, ऑफिसात कोणाला कारण कळलं नाही. निरोपाच्या दिवशी केक होता. एकाने हाक दिली, “आधी एक चक्कर!” आणि त्यांनी खरोखरच केकभोवती हात मागे बांधून फेरी मारली. सगळे खूप हसले. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवायला गेले. मुलीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांनी पुण्यात खोली बघितली होती.

“तिला सांगितलंत?”

“अजून नाही. जावयांना आवडेल, न आवडेल. घरी फार गेलेलं बरं नाही दिसत.”

“मग तिथे जाऊन करणार काय, काका?”

बस येताना दिसली. त्यांनी पिशवी उचलली.

“काही नाही,” ते म्हणाले. “रोज संध्याकाळी एक चक्कर मारीन.”

पुढचं मला माहीत नाही. ऑफिसच्या दारात भाड्याची गाडी आली की तो क्लिपबोर्डवाला पुढेही कितीतरी दिवस थोडा वेळ बंपरपाशी थांबायचा, मग ते नाहीत हे आठवून कागद माझ्यापुढे धरायचा. आणि मला आजही एक गल्ली दिसते, दिवेलागणीची. हात मागे बांधून एक माणूस हळूहळू चालला आहे. एका घरासमोर त्याची पावलं मंदावतात, तो वर खिडकीकडे बघतो. तिथे लिहून घेणारं कोणी नसतं. तो पुढे जातो.